केळुसकरांच्या नावाचं खातं

लिनक्स या संगणकप्रणालीसाठी लोकांनी मिळून चालवलेल्या एका सॉफ्टवेअर-भांडारातली पॅकेजं बांधायच्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांच्या फायली, केळुसकर सांभाळत. त्यांची एक स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाकडेच चालेना. तक्रार केली की ते म्हणत, "माझ्याकडे चालते. तुमचंच काहीतरी चुकतंय."

भांडार वापरणाऱ्यांच्या सांगलीतल्या मेळाव्यात हेमांगी ढोबळे उभी राहिली. "सर, कालपासून माझ्याकडेही चालते."

केळुसकर खुलले. "सांगा यांना, काय केलंत?"

"माझ्या संगणकावर तुमच्या नावाचं खातं उघडलं. तुमची स्क्रिप्ट सगळ्या फायली तुमच्याच नावाच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये ठेवायला जाते."

तिने ती ओळ पडद्यावर दाखवली. केळुसकरांच्या हातातला माइक खाली आला.

"आता भांडार वापरणाऱ्या आम्ही चार हजार जणांनी तुमचं नाव लावायचं, की तुम्ही ही एक ओळ बदलताय?" हेमांगीने विचारलं.