तांबटाच्या वाटणीचा आठवडा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका राजाला आपली प्रजा हसताना पाहायची भारी हौस होती. म्हणून त्याने राजधानीबाहेरच्या माळावर एक आनंदनगरी वसवली. तिथे आभाळाला टेकेल असा उंच पाळणा होता. गोल फिरणारे लाकडी घोडे होते. टेकडीवरून पाण्याबरोबर खाली आणणारी दगडी घसरगुंडी होती. आणि कठपुतळ्यांचा एक मांडव होता, जिथला राक्षस रोज मरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर व्हायचा.

नगरीभोवती राजाने छोटी छोटी घरं बांधली. पण घरं थोडी आणि माणसं फार. तेव्हा राजाने ठरवलं, घर कुणाच्याच मालकीचं नाही, पण प्रत्येक कुटुंबाला त्यातला वर्षाचा एक आठवडा. आपला आठवडा आला की घर आपलं, तो संपला की पुढच्याचं. मात्र निवड एकदाच करायची. दाराशेजारच्या ओल्या चुन्यात घरातल्या सगळ्यांनी पंजे उमटवले की ते घर जन्मभरासाठी ठरलं, आणि आपल्यामागे मुलाबाळांसाठीही. उमटलेला पंजा पुसता येत नसे.

राजधानीत तांबटांची एक आळी होती. तिथल्या एका तांबटाने आणि त्याच्या बायकोने राजाच्या मुदपाकखान्यासाठी मोठमोठे हंडे घडवले होते. तो ठोकून आकार द्यायचा, ती घासून लखलखीत करायची. त्या कामापोटी राजाने त्यांना आनंदनगरीतला एक आठवडा देऊ केला. हंडे मुदपाकखान्यात पोहोचले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तांबटाची बायको तापाने गेली.

तेव्हापासून त्या घराने आवाज टाकला. थोरला मुलगा पावलं न वाजवता चालू लागला. धाकटीने पैंजण काढून ठेवले. घर सांभाळायला तांबटाची मोठी बहीण आली होती. या आत्याबाईंची हाक पूर्वी आळीच्या दोन्ही टोकांना एकदमच ऐकू जायची. आता त्या तवासुद्धा फडक्यावर ठेवू लागल्या. मुलाने ठोकायचं काम उचलून गावाबाहेरच्या छपरात नेलं. तांबट आळीतून जाऊ लागला की शेजारी हातोडी खाली ठेवत आणि तो पुढे गेला की पुन्हा उचलत. सगळे हे मायेने करत होते.

आणि तांबटाला झोप येत नव्हती. वर्ष होत आलं तरी येत नव्हती. त्याचे डोळे खोल गेले, हात थरथरू लागले, हातोडीचा घाव भलतीकडेच पडू लागला. वैद्यबुवा नाडी पाहून मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधं मी देतोच आहे. पण या माणसाला झोप लागली नाही, तर औषधं घ्यायला माणूस उरायचा नाही."

त्या दिवशी मुलाने आत्याला आणि बहिणीला जवळ बसवलं.

"आईच्या कष्टाचा आठवडा आहे तो. आपण बाबांना झोप लागेल असं घर घेऊ. पाळणा नाही, घोडे नाहीत, काही नाही. फक्त शांत घर. चालेल ना?"

धाकटीने घोड्यांचा विचार मनातल्या मनात करून घेतला आणि मान हलवली.

"आत्या, तुला?"

"माझं काय बाई! मला कुठेही चालतं," आत्या म्हणाल्या. कठपुतळ्यांचा खेळ त्यांना जन्मात एकदा पाहायचा होता, पण ते त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

आनंदनगरीच्या घरांचा कारभार एका पोपटाकडे होता. गळ्याचा लाल पट्टा तो जरीचा असल्यासारखा मिरवायचा. घर निवडायला आलेल्या या चौघांना पाहताच तो उडत सामोरा आला.

"या, या! आधी पाणी, मग गूळ-शेंगदाणे, मग बोलणं. घाई कसली? घाई एवढीच, की हे पाळण्यासमोरचं घर काल एका सरदाराने मागितलंय. मी म्हटलं, थांबा सरदारसाहेब, माझा जीव सांगतोय की उद्या कुणी भली माणसं येणार आहेत!"

"सरदाराला थांबवलंत?" आत्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी!"

"आणि आमच्यानंतर येतील त्यांच्यासाठी आम्हाला थांबवाल."

पोपटाने खोकल्यासारखं केलं आणि शेंगदाण्याचं ताट आणखी पुढे सरकवलं.

मग त्याने घरं दाखवायला सुरुवात केली. एका घराचा सज्जा पाळण्याच्या अगदी समोर येत होता. पाळण्यातली पोरं वर जाताना त्या सज्ज्याकडे पाहून हात हलवत. धाकटीने नकळत हात वर केला आणि मागे घेतला. दुसऱ्या घराच्या चुलीचा धूर सगळा आतच राहतो, हे आत्यांनी उंबऱ्यातूनच ओळखलं.

"इथे स्वयंपाक केला तर सात दिवस रडण्याला सुट्टी मिळणार नाही," त्या म्हणाल्या आणि लगेच भावाकडे पाहून त्यांनी जीभ चावली. भाऊ मात्र घरांकडे पाहतच नव्हता. लांबून कुठून तरी नगाऱ्या-ताशांचा आवाज येत होता, त्याचं तोंड तिकडे होतं.

शेवटी मुलगाच म्हणाला, "पोपटराव, सगळ्यात शांत घर कोणतं?"

"आधी सांगायचं नाही का!" पोपट म्हणाला आणि त्यांना नगरीच्या पार मागे, झाडीपलीकडच्या तळ्यावर घेऊन गेला. काठावर एक पांढरं घर होतं. पाण्यात कमळं होती. वारा नव्हता. बगळा एका पायावर उभा होता आणि तोसुद्धा दुसरा पाय टेकवताना विचार करत असावा, इतकी तिथे शांतता होती.

"हेच," मुलगा कुजबुजला. "बाबा, हे कसं आहे?"

तांबटाने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मुलीच्या. मग बहिणीच्या. तिघंही त्याच्याकडे आशेने पाहत होती.

"छान आहे," तो म्हणाला. "हेच घेऊ."

रिवाज असा होता, की पसंत पडलेल्या घरात दिवसभर राहून पाहायचं आणि सूर्य टेकला की पंजे उमटवायचे. सगळे आत आले. आत्यांनी चटई अंथरली. तांबट तिच्यावर आडवा झाला. तिघं भिंतीला टेकून श्वास रोखून बसली. धाकटीला शिंक आली ती तिने पदरात, म्हणजे आत्यांच्या पदरात, दाबून मारली.

तांबट कूस बदलत राहिला. थोड्या वेळाने उठला.

"जरा पाय मोकळे करून येतो."

तो गेला तो परत येईना. उन्हं कलली. पोपट चुन्याची पाटी घेऊन दारात येऊन बसला.

"चुना वाळतोय बरं का. सगळ्यांचे पंजे लागतात. एकही कमी चालत नाही."

आता मात्र मुलगा घाबरला. तळ्याकाठी बाबा नव्हते. झाडीत नव्हते. त्याने पाण्यात वाकून पाहिलं आणि मग स्वतःच्या त्या पाहण्याचीच त्याला भीती वाटली. तिघं नगरीकडे धावत सुटली. मागोमाग पोपट चुन्याची पाटी सावरत उडत होता.

पाळण्यापाशी तांबट नव्हता. घसरगुंडीपाशी नव्हता. लाकडी घोड्यांच्या चक्रापाशी इतकी गर्दी होती की काही दिसेना. चक्राच्या मधोमध नगारा होता, चार ताशे होते, झांजा होत्या. बैल चक्र ओढत होता, पोरं घोड्यांवर बसून किंचाळत होती आणि आया त्यांच्यावर ओरडत होत्या.

"दादा! तिथे बघ!" धाकटी म्हणाली.

नगाऱ्याच्या मागे, खांबाला डोकं टेकून तांबट बसला होता. तोंड उघडं. हातपाय सैल. तो गाढ झोपला होता. नुसता झोपला नव्हता, घोरत होता, आणि ते घोरणं त्या गोंधळातही जवळ गेल्यावर ऐकू येत होतं.

आत्यांनी तोंडावर पदर धरला. मुलगा जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने पुढे होऊन नगारेवाल्यासमोर हात जोडले.

"काका, थांबवा हो. माझ्या बाबांना वर्षाने झोप लागलीय. थोडा वेळ थांबवा."

नगारेवाला भला माणूस होता. त्याने टिपऱ्या उचलून धरल्या. ताशे थांबले, झांजा थांबल्या. बैल थांबला. घोड्यांवरची पोरंसुद्धा गप्प झाली. सगळीकडे चिडीचूप झालं.

आणि तांबटाने खाडकन डोळे उघडले.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "का थांबलं? कुणाला काय झालं?"

"काही नाही बाबा, तुम्ही झोपला होतात, म्हणून मीच…"

"अरे, वाजत होतं म्हणून तर झोपलो होतो!"

नगारेवाल्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. "ठरवा बुवा तुमचं काय ते," तो म्हणाला. "बैल वाट बघतोय."

"मग तळ्याकाठचं घर?" मुलाने विचारलं.

"तुम्हाला हवंय ना ते?"

"आम्हाला? आम्हाला वाटलं तुम्हाला!"

"मला नको होतं," धाकटी म्हणाली. "मला घोडे हवे होते. आणि आत्याला शांततेत पोटात गोळा येतो, ती स्वतःशी म्हणत होती."

"कार्टे, ते मी देवाशी बोलत होते," आत्या म्हणाल्या.

तांबटाने मुलाला खाली, आपल्याजवळ बसवलं.

"मी तान्हा होतो तेव्हापासून ठोक्यांच्या आवाजात झोपलो आहे," तो म्हणाला. "ठोका थांबला, की काहीतरी वाईट घडलं असं माझं अंग समजतं. तुझी आई गेली. तिचा आवाज गेला, त्याला इलाज नव्हता. पण तुमचे कुठे गेले? मला वाटायचं, तुम्हाला दुःखात गलका सोसत नसेल. म्हणून मीही गप्प राहिलो."

तेव्हा आत्या बोलल्या, आणि वर्षभरात प्रथमच त्यांच्या मूळच्या आवाजात बोलल्या.

"म्हणजे एक वर्ष मी तवा फडक्यावर ठेवला तो फुकट! अरे, एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं तुला?"

"अक्का, आणि विचारायला तुला काय झालं होतं?"

यावर नगारेवाला इतका मोठ्याने हसला की बैलाने आपण होऊनच एक फेरा मारला.

पोपट घोड्याच्या कानावर बसून सगळं ऐकत होता. आता त्याने मान खाली घातली.

"एक घर आहे. पण मी ते कुणाला दाखवत नाही. या चक्राच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. नगारा वाजला की फळीवरची भांडी नाचतात. आजवर कुणी घेतलेलं नाही. खरं सांगितलं की माझी घरं खपत नाहीत."

"भांडी नाचतात?" आत्या म्हणाल्या. "नाचू देत. सरदाराला काय कळणार त्यातलं! चल, दाखव."

सूर्य टेकायच्या आत चौघांनी त्या घराच्या दाराशेजारी पंजे उमटवले. धाकटीने दोन्ही हातांचे उमटवले. पोपटाने ते चालवून घेतलं.

त्याच दिवसापासून त्यांचा आठवडा सुरू झाला, आणि तो कसा गेला हे विचारू नका. पहिले दोन दिवस तांबट नगाऱ्याच्या तालावर झोपला. तिसऱ्या दिवशी उठून इतका जेवला की आत्यांना पुन्हा पीठ मळावं लागलं. नंतर तो धाकटीला पुढे बसवून घोड्यावर बसला, आणि घोडा लाकडी असूनही त्याने त्याला दोन वेळा टाच मारली. आत्यांनी कठपुतळ्यांच्या खेळात राक्षसाला पहिल्या रांगेतून असं काही खडसावलं, की सूत्रधाराचे हात थांबले. मुलगा एकटाच उंच पाळण्यात बसला, आणि वर गेल्यावर थोडा रडला. खाली येईपर्यंत त्याचे डोळे वाऱ्यानेच वाळले होते.

ते राजधानीत परतले आणि मुलाने ठोकायचं काम पुन्हा घरी आणलं. आळीतले शेजारीही हातोडी थांबवीनासे झाले. तांबटाचे हात हळूहळू स्थिर झाले.

पुढे काही वर्षांनी, आपला आठवडा सुरू व्हायच्या दिवशी, तांबट नगरीच्या दारात उभा होता. तिथे एक तरुण बाई आपल्या दोन भावांबरोबर घर निवडायला आली होती. तिचा नवरा त्याच वर्षी वारला होता. भाऊ तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. एक म्हणत होता, हिला देवळाजवळचं घर बरं. दुसरा म्हणत होता, छे, हिचं मन रमलं पाहिजे.

तांबटाला राहवेना. तो पुढे झाला.

"माझं ऐका. घोड्यांच्या चक्राजवळचं घर घ्या! मी स्वतः…"

बोलता बोलता तो थांबला. त्याने त्या बाईकडे पाहिलं. तिच्याकडे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "तुम्हाला काय हवंय?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. भाऊ काही बोलणार, तेवढ्यात तांबटाने हात वर केला. पोपटसुद्धा चोच मिटून थांबला.

"जिथून सगळी माणसं दिसतील," ती सावकाश म्हणाली, "पण माझ्याशी कुणी बोलणार नाही, असं."

असं घर होतं. टेकडीच्या माथ्यावर, घसरगुंडी सुरू होते त्याच्याही वर. तांबटाने तिचं गाठोडं उचललं, वरपर्यंत नेऊन दारात ठेवलं आणि एक शब्दही न बोलता तो खाली उतरला. ती ओट्यावर बसली. खाली माणसं हसत होती, ओरडत होती, भिजत होती. बऱ्याच वेळाने तिने पाय पसरले आणि पाठ भिंतीला टेकवली.

त्या दिवसापासून पोपट नव्या माणसांना आधी तो प्रश्न विचारतो. गूळ-शेंगदाणे त्यानंतर देतो.

तात्पर्य : दुःखात असलेल्या माणसाला काय हवं आहे ते आपणच ठरवू नये, त्याला विचारावं, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबावं.