दिवाणजींचं उपरणं आणि महाराजांची परीक्षा

“मुलं जागेवर बसलेली हवीत, आणि त्याच वेळी पळतही हवीत!”

दिवाण त्रिंबकरावांनी हुकूम सांगितला, आणि शिक्षकशाळेच्या अंगणात बसलेले सगळे पंतोजी एकमेकांची तोंडं पाहू लागले.

ही शाळा कनकगडच्या भैरवसेन राजानेच काढलेली. मुलांना कसं शिकवावं, हे पंतोजींनी इथे शिकायचं. राजा हौशी, पण हट्टी! देशोदेशी शिक्षकांना कसं तयार करतात ते बघायला त्याने दिवाणजींना पाठवलं. दिवाणजी जग फिरून आले, आणि त्यांनी जे जे सांगितलं ते सगळंच राजाला आवडलं.

“थंडीच्या एका देशात मुलं मांडीसुद्धा हलवत नाहीत,” दिवाणजी म्हणाले. “समुद्रापलीकडच्या एका बेटावर ती पळता पळता शिकतात. महाराजांना दोन्ही हवंय.”

“मग एक दिवस हे, एक दिवस ते...” म्हातारे व्यंकोबा पंतोजी चाचरत म्हणाले.

“एकाच वेळी! शिवाय वर्ग चिडीचूप हवा आणि पाढा मोठ्याने ऐकू आला पाहिजे. पंतोजीने वर्ग चालवायचा, पण मुलांच्या पुढे उभं राहायचं नाही. आणि परीक्षा चालू असावी, पण ज्याची चालू आहे त्याला तिचा पत्ता नसावा! परवा महाराज स्वतः येतील. जमलं नाही तर शाळेला कुलूप. या जागेत हत्ती बांधायचेत.”

मागच्या रांगेत येसू बसली होती. येसू म्हणजे धोंडू लोहाराची लेक. लोहारआळीतल्या मुलींसाठी शाळा काढायची, म्हणून ती इथे शिकत होती. आळीतल्या पोरी रोज वाट अडवून विचारायच्या, “येसूताई, आमची शाळा कधी?” आता त्यांना काय सांगायचं? हत्ती आले म्हणून?

“दिवाणजी, एक विचारू?”

“विचार.”

“एवढे देश फिरलात. हे सगळं एकाच वर्गात कुठे पाहिलंत?”

“मी बघायला गेलो होतो, करायला नाही!” दिवाणजी फणकारले आणि छाती पुढे काढून चालू लागले. दाराशी त्यांच्या खांद्यावरचं जरीचं उपरणं घसरलं आणि मागे पडलं. दिवाणजींना पत्ताच नाही! ते आपले ऐटीत निघाले.

“अहो दिवाण...” व्यंकोबा हाक मारायला उठले.

“थांबा, काका! ओरडू नका!” येसू त्या उपरण्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली.

“पोरी, इथे हत्ती यायचेत आणि तुला हसू सुचतंय?”

“काका, लहानपणी रिंगण करून मामाचं पत्र हरवायचात की नाही?”

ठरल्या दिवशी राजा आला. बरोबर दिवाणजी, दोन शिपाई आणि सगळ्यात मागे राजाचा माहूत. त्याने आल्या आल्या अंगण पावलांनी मोजायला घेतलं.

चिंचेखाली पंतोजी गोल करून मांडी घालून बसले होते.

“हाच वर्ग?” राजाने विचारलं.

“हाच, महाराज,” येसू म्हणाली. “पण एक मूल कमी आहे.”

“कोण?”

“आपण!”

दिवाणजींना ठसका लागला. येसू म्हणाली, “शाळा बाहेरून बघून कळत नाही, महाराज.”

राजाने मिशीवरून हात फिरवला, आणि खरोखरच व्यंकोबांशेजारी जाऊन बसला.

“मागे वळून बघायचं नाही,” येसूने बजावलं. कापडाला पीळ घालून ती रिंगणाच्या मागून पळू लागली. “एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!”

“अगं, पण सगळे बसलेत आणि तू एकटीच...”

“गप्प बसा, महाराज! वर्ग चिडीचूप हवा ना?”

राजाने चटकन तोंड मिटलं. त्याला आजवर कुणी गप्प बसवलं नव्हतं!

येसू त्याच्या मागून गेली. पंतोजी गाल फुगवून हसू दाबू लागले. व्यंकोबांनी तर डोळेच मिटून घेतले. येसूचे पाय मात्र थांबले नाहीत. फेरी पुरी झाली, “एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस,” आणि राजाच्या पाठीत बसला एक सणसणीत धपका!

शिपायांच्या तलवारी उपसल्या गेल्या. दिवाणजी किंचाळले, “महाराजांवर हात! आणि अरे, हे तर माझं उपरणं!”

“हा काय प्रकार आहे?” राजा गरजला.

“परीक्षा, महाराज! उपरणं फेरीभर आपल्या मागे पडलं होतं. परीक्षा चालू होती, आणि ज्याची चालू होती त्याला पत्ता नव्हता!”

राजाने पाठ चोळली. “आणि निकाल?”

“नापास! आता उठा, हे उपरणं घ्या आणि मला गाठा. बसलेलं मूल पळायला नको का?”

राजा उठला आणि पळू लागला! पागोटं कानावर आलं, एक जोडा चिंचेखालीच राहिला. येसू गर्रकन फेरी मारून थेट राजाच्या जागेवर जाऊन बसली.

“बघा, महाराज! मुलं बसलीत, मूल पळतंय. वर्ग चिडीचूप आहे. मी चालवतेय, पण पुढे उभी नाही, तुमच्याच जागेवर बसलेय. फक्त पाढा मोठ्याने ऐकू यायचा राहिलाय. म्हणा, एकोणतीस सक?”

राजाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी चिंचेच्या शेंड्याकडे बघू लागले.

“एकोणतीस सक...” धापा टाकता टाकता राजाला हसू फुटलं. हसता हसता तो पोट धरून खाली बसला. “माहुता! मोजणं पुरे! हत्तींना दुसरी जागा बघ!”

मग डोळे पुसत तो म्हणाला, “ही शाळा राहणार, आणि लोहारआळीत मुलींची शाळा मी बांधून देणार. आणखी काय हवं ते माग, पोरी!”

“एवढंच, महाराज. परदेशातून नवी पद्धत आली की ती आधी दिवाणजींवर करून बघावी.”

“मंजूर! आत्तापासून!” राजाने जरीच्या उपरण्याला आणखी एक पीळ घातला. “त्रिंबकराव, या, बसा रिंगणात. आणि खबरदार, मागे वळून बघायचं नाही!”