पीठ वाढलं!

ऐका बरं, लहान-थोर सगळ्यांनी! फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजा स्वतः पंगतीत वाढायला उभा राहायचा.

त्या राजाच्या मुदपाकखान्यात एक स्वयंपाकीण होती. लहानपणी पुरात ओंडक्याला धरून वाहत आलेली. नाव विचारलं तर सांगता येईना, गाव विचारलं तर रडू येई. म्हणून सगळे तिला 'पुरातली' म्हणत. वीस वर्षं झाली, तरी पीठ मळताना तिच्या मनात एकच घोळत राही: मी कोणाची?

तिच्या दोन गोष्टी मात्र जगावेगळ्या. बाकीच्या बायका काठवटीत भाकरी थापत, ही दोन्ही तळव्यांवर थापे. आणि पीठ संपलं की 'वाढलं' म्हणे. असं का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. बायका हसत आणि समजून घेत.

एकदा राजवाड्यात जेवणावळ होती. कारभारी नवाच आलेला. त्यानं दारातूनच विचारलं, "काय गं, पीठ किती आहे?"

"पीठ वाढलं, कारभारी!"

"वा! मग आणखी शंभर पानं मांडा," म्हणत स्वारी पसार. ती "अहो, ऐका तरी!" म्हणेपर्यंत तो बाजारात पोचून लोकांना जेवायला बोलावूही लागला. झालं! शंभर माणसं पंगतीला येऊन बसली, आणि डब्यात चिमूटभर पीठ नाही.

राजा लालबुंद झाला. "पानावरून उपाशी माणसं उठवायची वेळ आणलीस! खोटारडी कुठली! सूर्य मावळायच्या आत माझ्या राज्यातून चालती हो."

पुरातली रडत म्हणाली, "खोटं नाही बोलले हो महाराज. खरंच वाढलं होतं!"

"अगं, संपल्याला वाढलं म्हणतं तरी कोण?"

"आम्ही म्हणतो!" पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. डोंगरातून मध विकायला आलेली एक म्हातारी उठली. तिच्या वाट्याला आलेली शेवटची अर्धी भाकरी तिच्या हातात होती. "बघा, दोन्ही अंगांनी बोटं उमटलीत. ही काठवटीतली नव्हे, हातावरची भाकरी." मग ती पुरातलीकडे वळली. "पोरी, अन्नाला कान असतात..."

"...संपलं म्हटलं की रुसून जातं!" पुरातलीच्या तोंडून आपसूक निघालं, आणि ती स्वतःच दचकली. "हे मला कोणी शिकवलं?"

"आईनं, दुसरं कोण!" म्हातारी म्हणाली. "आमच्या गावातल्या सगळ्या आया हेच शिकवतात. तिथे एक बाई आहे. वीस वर्षांमागे तिची लेक पुरात गेली. पण 'गेली' म्हणत नाही ती. कोणी विचारलं की म्हणते, माझी लेक वाढली."

राजा खजील झाला. "शिक्षा करण्याआधी शब्दाचा अर्थ तरी विचारायचा होता मी," तो म्हणाला. त्यानं गाडी जुंपायला लावली, पिठाची पोती भरली आणि पुरातलीला म्हातारीबरोबर धाडलं.

तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या एका दारात एक पांढऱ्या केसांची बाई तळव्यांवर भाकरी थापत बसली होती. तिनं मान वर केली. भाकरी हातातच राहिली. समोरच्या बाईला पायापासून डोक्यापर्यंत पुन्हा पुन्हा न्याहाळत ती रडत-हसत म्हणाली, "अगंबाई! केवढी वाढली माझी लेक!"

तात्पर्य: माणूस आपलं नाव-गाव विसरेल, पण आईच्या चुलीपुढचा शब्द आणि भाकरी त्याला विसरत नाहीत.