कपाळावरची गाठ

एक होती सगुणा माळीण अन् एक तिची लेक बकुळा. घर चंद्रमौळी, पण परसात मोगरा असा फुलायचा, जणू चांदण्याच सांडल्या!

सगुणेचा पाय मोडला, तशी गजरे विकायची पाळी बकुळेवर आली. पोर मोठी गुणाची, पण काळीज चिमणीएवढं. कुणी नुसत्या भुवया आवळल्या, की हिला वाटे, माझ्यावरच रागावले! लगेच ठोकायची धूम. गजरे सुकायचे अन् चूल थंडच राहायची.

"आज कोण गं रागावलं?" आई विचारी.

"सगळेच!"

एके दिवशी मोगऱ्यापाशी एक सोनपिवळं फुलपाखरू गजऱ्याच्या दोऱ्यात अडकलेलं दिसलं. बकुळेनं नखाच्या टोकानं हलकेच गाठ सोडवली. पंखांवरची सोनेरी धूळसुद्धा उडू दिली नाही. तोच लख्ख उजेड पडला अन् समोर इवलीशी परी! अंगात मोतिया झगा, पायांत दवाचे पैंजण.

"माग सोनुले, काय हवं?"

"सगळ्यांची तोंडं हसरी कर."

"मग दुखतंय कुणाला, हे कसं गं कळायचं? त्यापेक्षा हा दवाचा थेंब डोळ्यांत घे, म्हणजे भीती वाटायची नाही. आठी म्हणजे कपाळावरची गाठ. कशानं बसली, ते विचारायचं. पण नजर खाली टाकलीस, की थेंब गळलाच!"

वाटेत कासारमामा भेटले. कपाळावर ही आठी!

"मामा, काय झालं?"

"अगं, ऊन येतंय डोळ्यांवर! आण एक गजरा."

बकुळा हरखली. तशीच राजवाड्यात गेली. राणीच्या कपाळावर आठ्यांचं जाळं. दासी पुटपुटली, "पळ पोरी, खातील तुला!"

बकुळेची नजर खाली गेली. टप्! थेंब उंबऱ्यावर गळला. राणी आता वाघिणीसारखी दिसू लागली. पाय मागे वळले. पण गाठीला भिऊन कसं चालेल? माळणीची लेक ना ती!

"राणीसाहेब, कुठं खुपतंय का?"

"अगं बाई! सकाळपासून खोप्यात आकडा रुततोय! सगळ्या मेल्या मुजरे करून पळतात, विचारत एक नाही!"

बकुळेनं केसांचा गुंता सोडवला, आकडा काढला, वर गजरा माळला. आठ्या विरल्या अन् राणी खुदकन हसली.

गजऱ्यातून परी डोकावली.

"परीताई, थेंब तर गळला गं!"

"मग राणीला विचारलं कुणी? तूच ना!" परी हसली अन् झुळझुळत्या उजेडात विरून गेली.

राणीनं सगुणेला पालखी धाडली, वैद्य धाडला अन् राजबागच मायलेकींच्या हाती दिली. चूल पेटली, ती पुन्हा विझली नाही. बकुळेच्या मनाची गाठ सुटली, तशी तुमची आमची सुटो!