पाखरांच्या परळातले पाणी

एकदा एका आईने आषाढातल्या एकादशीला नेम धरला. चातुर्मास संपेपर्यंत घरातल्या प्रत्येक झाडाला रोज आपल्या हाताने पाणी घालायचे आणि मगच स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा. देवापुढे पळीभर उदक सोडून तिने संकल्प केला. नेम कशासाठी, ते मात्र मनातल्या मनातच सांगितले. माझ्या शलाकाचे मन इथे लागू दे.

या आईचे नाव कुमुदिनी. शलाका तिची एकुलती मुलगी. लग्न मोडून ती चारच दिवसांपूर्वी माहेरी आली होती. येताना तिच्याजवळ दोन बॅगा होत्या आणि वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळलेली निवडुंगाची एक फांदी. खांबासारखा सरळ वाढणारा तो निवडुंग तिने सासरच्या गच्चीवर स्वतः जोपासला होता. कुंडी उचलून आणण्यासारखी नव्हती, म्हणून निघताना तिने हातभर शेंडा कापून घेतला.

"त्या घरातून मला एवढंच हवं होतं," असे म्हणून तिने ती फांदी आईच्या हातात दिली. त्यानंतर ती फारसे बोललीच नाही.

कुमुदिनीने त्याच संध्याकाळी चांगली काळी माती आणि शेणखत मिसळून कुंडी भरली, फांदी खोचली आणि तांब्याभर पाणी घातले. नेम धरल्यावर तर ती रोज सकाळी तुळशीपासून सुरुवात करी आणि शेवटचा तांब्या या फांदीला घाली. त्या तांब्यात तिचा सगळा जीव असे. मग आत येऊन शलाकाला विचारी, "झोप लागली का गं? काय ठरवलंस पुढे? त्यांच्याकडून काही फोन? मामाने एका स्थळाचं सांगितलंय, नुसतं ऐकून तरी घे." शलाका भिंतीकडे तोंड करून पडून राही. एका सकाळी ती शांतपणे म्हणाली, "आई, मी दुसऱ्या गावात खोली बघते आहे. महिनाअखेरीस जाईन."

दुसऱ्या दिवशी पाणी घालताना कुमुदिनीच्या हाताला फांदीचे बूड लागले. ते पिकलेल्या केळ्यासारखे मऊ झाले होते. बोट आत गेले आणि आंबूस वास आला. मुलीने त्या घरातून आणलेली एकच गोष्ट, तीही आपल्या अंगणात मरणार, आणि मुलगीही जाणार.

फांदी कुंडीतून काढून पदराआड धरून ती देवळात गेली. तिथे एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत. कुमुदिनी त्यांच्याकडे गीतेचे अध्याय म्हणायला शिकत असे. देवळाच्या मागच्या पडवीत बुवांनी फुटक्या कढयांत आणि तेलाच्या डब्यांत निवडुंग लावले होते. देवाच्या दारी फुलं लावायची सोडून काटे कसले लावता, असे कोणी म्हटले की ते म्हणत, "फुलं तुम्ही तोडून नेता. हे कोणी तोडत नाही."

बुवांनी फांदी पाहिली, नाकाशी नेली. चाकू राखेने घासून पुसला आणि ते बुडाकडून चकत्या कापू लागले. काकडीच्या कापाव्यात तशा. एक चकती पडली, दुसरी पडली. मधोमध तपकिरी ठिपका दिसत होता, म्हणून आणखी एक.

"बुवा, अहो, निम्मी तरी राहू द्या," कुमुदिनीने हात पुढे केला.

"निम्मीच राहणार आहे," बुवा म्हणाले, "पण ती राहील." शेवटची चकती आतून स्वच्छ, पांढरट हिरवी निघाली तेव्हा त्यांचा हात थांबला. उघड्या तोंडाला त्यांनी कोरडी राख चोपडली आणि फांदी एका रिकाम्या डब्यात उभी करून तिच्या हाती दिली. डब्यात माती नव्हती, काहीच नव्हते.

"हा डबा सावलीत ठेव. पाऊस लागू देऊ नकोस. आणि पाणी एक थेंबही नको."

"पण माझा नेम आहे, बुवा. प्रत्येक झाडाला पाणी घातल्याशिवाय मी पाणी पीत नाही. हिला वगळलं तर नेम मोडतो."

बुवा हसले. "म्हणजे तुझा नेम राहावा म्हणून हिनं कुजायचं?"

कुमुदिनी डब्यातल्या फांदीकडे पाहू लागली.

"हे बघ मुली," बुवा सावकाश म्हणाले, "कापलेल्या फांदीला मूळ नसतं, नुसती जखम असते. तू जे ओततेस ते तिला पिता येत नाही, ते जखमेत शिरतं. तुझं पाणी निर्मळच आहे, त्यात तुझा दोष नाही. पण अजून तिला पाण्याची वेळ आलेली नाही. आधी जखम सुकेल, तिच्यावर खपली धरेल. पावसाळी हवा आहे, जरा जास्तच दिवस लागतील. तोवर तिच्या अंगात जो ओलावा आहे त्यावर ती जगेल. तिच्यात तो पुष्कळ असतो. मग तिला जाड वाळू आणि विटांच्या चुऱ्यात उभी कर, काठीचा आधार दे. मूळ आलं का म्हणून उपटून बघू नकोस. ज्याला रुजायचंय त्याला कोणी सारखं चाचपून बघितलेलं सोसत नाही."

"आणि नेमाचं काय?"

"तिच्या वाटणीचा तांब्या भर. तिच्यासमोर उभी राहा, हात जोड आणि ते पाणी अंगणात पाखरांसाठी मातीचं परळ ठेवून त्यात ओत. देवाला पोचेल."

कुमुदिनी उठली. बुवांनी सहज विचारले, "शलाका कशी आहे?"

"काय सांगू? मी रोज विचारते, समजावते, जवळ बसते, स्थळंसुद्धा..." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर खाली पडलेल्या चकत्यांवर गेली होती. बुवांनी त्या गोळा केल्या आणि काही न बोलता खताच्या खड्ड्यात टाकल्या.

घरी आल्यावर तिने डबा पडवीच्या फळीवर ठेवला. शलाकाने तो पाहिला. "निम्मी कशी झाली?"

"मी कुजवली. रोज तांब्याभर पाणी घातलं."

शलाकाला हसू फुटले. या घरात आल्यापासूनचे पहिलेच. "आई, निवडुंगाला तांब्याभर पाणी घालणारी जगात तू एकटीच असशील."

जिभेच्या टोकावर दहा प्रश्न आले. कुमुदिनीने ते गिळले. "चहा टाकते," एवढेच म्हणाली.

ते दिवस तिला उपासाहून कठीण गेले. मामाला तिने कळवले की स्थळाचे तूर्त राहू दे. रोज सकाळी फांदीपुढे हात जोडायचे, परळात पाणी ओतायचे आणि शलाकाच्या खोलीवरून काही न विचारता पुढे जायचे. चिमण्यांना तेवढी परळाची सवय लागली. महिनाअखेर आली, शलाकाने बॅग काढली नाही, आणि कुमुदिनीने का ते विचारले नाही. फांदीचे तोंड वाळून घट्ट झाले तेव्हा शलाकानेच वाळू चाळली, विटा कुटल्या आणि कागदाच्या घडीत धरून फांदी उभी केली.

भाद्रपदातल्या एका दुपारी दोघी अळूची पाने पुसत बसल्या होत्या. पान पुसता पुसता शलाका आपणहून बोलू लागली. कुमुदिनीने मान वर केली नाही, हात थांबवला नाही, मध्ये एक शब्द टाकला नाही. अळूवडी त्या दिवशी फार उशिरा झाली. शलाका काय बोलली ते आईपाशीच राहिले, आणि तिथेच ते राहावे.

कार्तिकातल्या एकादशीला नेमाचे उद्यापन होते. शलाकाने सकाळीच येऊन सांगितले, "आई, शेंड्याला कोवळं हिरवं आलंय. हलवून पाहिलं तर हलत नाही, मूळ धरलंय तिने." मग जरा थांबून म्हणाली, "आणि इथल्या शाळेत शिक्षिकेची जागा आहे, तिथे अर्ज करतेय."

कुमुदिनीने तांब्या भरून तिच्या हातात दिला. शलाकाने त्यातले ओंजळभर पाणी वाळूत सोडले. वाळू ते पिऊन गेली. उरलेले तिने सवयीने परळात ओतले. मग कुमुदिनी आत गेली आणि त्या दिवशीचा पाण्याचा पहिला घोट घेतला.

तुमच्याही घरी कोणी ताजी जखम घेऊन आले असेल, तर एवढे करा, त्याच्या वाटणीचा तांब्या रोज प्रेमाने भरा, त्याच्यापुढे क्षणभर उभे राहा आणि ते पाणी पाखरांना घाला. त्याची वेळ आली की ते आपणहून ओंजळ पुढे करील.