न दिसणारं दाखवा!

इन्स्पेक्शन आलं, की सरपोतदार हेडमास्तर कच्ची पोरं शेजारच्या प्रयोगशाळेत कोंडायचे आणि हुशार तेवढी वर्गात बसवायचे. यंदा कुमुदची जुळी बहीणही आत होती. कुमुद नुसती धुमसत होती.

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, "अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन म्हणजे काय?"

"जे असतं, पण डोळ्यांना दिसत नाही!" वर्ग एका सुरात ओरडला.

"मग एखादं दाखवा की मला!" साहेब मिशीत हसले. हेडमास्तरही खो खो हसले.

कुमुद ताडकन उठली. "दाखवते, सर. फिअर." तिने जाऊन प्रयोगशाळेची कडी काढली.

आत वीसेक पोरं तोंडावर हात दाबून, श्वास रोखून बसली होती.

हेडमास्तर पांढरेफटक पडले.

कुमुद त्यांच्याकडे वळली. "आता ऑनेस्टी तुम्ही दाखवा, सर."