धोंडू गवंड्याच्या मुठीतले गवत

संत कुठे वस्ती करतील याचा नेम नाही, मंडळी! आपले केवलनाथ महाराज आगगाडीचे रूळ घालणाऱ्या मजुरांबरोबर आगबोटीने थेट आफ्रिकेत गेले आणि मसाई लोकांच्या एका गावाबाहेर बाभळीखाली राहिले. त्याच गावात राजापूरकडचा धोंडू गवंडी मिशनच्या गोऱ्या पाद्रीसाहेबांच्या हाताखाली काम करीत असे. महाराजांवर त्याची भारी श्रद्धा.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. गावाला झरा एकच. शेजारच्या गोऱ्या मळेवाल्याने आणि पाद्रीसाहेबांनी मिळून त्याला भिंत घालून घेतली. बाप्तिस्मा घेईल त्यालाच पाणी! आणि ती भिंत बांधली कोणी? आमच्या धोंडूने. हुकुमाचा ताबेदार बिचारा! पण गावची गुरे पटापट मरू लागली, तसा तो त्या भिंतीकडे पाहायचेही टाळू लागला.

एके सकाळी मसाई तरुण भाले घेऊन भिंतीवर चालून आले. मळेवाल्याचे शिपाई बंदुका रोखून उभे राहिले. धोंडूने ते पाहिले. आपल्या भिंतीपायी आता माणसे मरणार! तो बाभळीकडे धावत सुटला. वाटेत पाद्रीसाहेबांनी हटकले. नगरकडे बरीच वर्षे काढल्यामुळे ते मराठी फर्डे बोलत.

"कुठे निघालास? त्या घोंगडीवाल्या बाबाकडे? तो काय बंदुकीच्या गोळ्या गिळणार आहे?"

धोंडूने महाराजांचे पाय घट्ट धरले. "देवा, पाप झालं माझ्या हातून. आता तुम्हीच सोडवा!"

महाराज म्हणाले, "अरे, हिरवं गवत पुढं धरलं की इथली माणसं हत्यार खाली ठेवतात. ती त्यांची रीत आहे. जा, गवत घेऊन मध्ये उभा राहा."

"पण महाराज, दहा कोसांत हिरवी काडी नाही!"

"मूठ आहे ना? ती आवळ आणि जा."

काय करतो बिचारा! रिकामी मूठ आवळून भाल्यांच्या आणि बंदुकांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. समोर एकाने भाला उचलला. मागे बंदुकीचा घोडा चढल्याचा आवाज आला. "महाराज!" असे ओरडून धोंडूने डोळे मिटले, हात पुढे केला आणि मूठ उघडली.

ना भाला आला, ना गोळी सुटली. त्याने भीत भीत डोळे उघडले. तळहातावर हिरवेगार गवत, मुळांसकट! मुळांना ओला चिखल! मसाईंच्या म्होरक्याने ते पाहिले मात्र, भाला जमिनीवर ठेवला. पाठोपाठ सगळे भाले खाली आले. आता निःशस्त्र माणसांवर गोळी कोण झाडणार? शिपायांनीही बंदुका उतरवल्या, आणि मळेवाला हात चोळत राहिला.

पाद्रीसाहेब धावत आले. त्यांनी तो चिखल बोटाने चाचपून पाहिला. चेहरा खाडकन उतरला. तसेच बाभळीखाली गेले, टोपी काढली आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी आंधळा झालो होतो."

महाराजांनी त्यांना हाताला धरून उठवले. "पाद्रीबाबा, तहानलेल्याला जात विचारा, असं तुमच्या येशूनं कधी सांगितलं होतं का?"

 साहेब झऱ्याकडे परतले, कोट काढून ठेवला आणि वाकून भिंतीचा पहिला दगड स्वतःच्या हाताने उपसला. मग धोंडूने पहार घातली. आपणच बांधलेली भिंत इतक्या आनंदाने पाडणारा गवंडी जगात दुसरा झाला नसेल!